गोंदियाची बातमी सांगतो कोण?

वृत्तवाहिन्यांच्या धंद्यात एक समज पक्का रुजला आहे: माणसे येतात, माणसे जातात, वाहिनी राहते. निवेदक दुसरीकडे गेला, संपादक बदलला, जिल्ह्याचा प्रतिनिधी कमी केला, की हेच उत्तर तयार असते. प्रेक्षक लोगो ओळखतो, माणूस नव्हे. आठ-पंधरा दिवस चर्चा होते आणि मग नवा चेहरा जुना होतो. व्यवस्थापनाच्या बैठकांत हा हिशेब मांडला जातो, पत्रकारितेच्या वर्गांत शिकवला जातो आणि आता प्रेक्षकही तो खरा मानू लागले आहेत.

हा समज चुकीचा आहे. मुंबईच्या स्टुडिओतून पाहिले तर तो एक वेळ पटेल. महाराष्ट्राच्या पार पूर्वेला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला खेटून असलेल्या गोंदिया जिल्ह्यातून पाहिले, तर त्यातली प्रत्येक ओळ खोटी ठरते.

विरोधी बाजू आधी तिच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे यांच्या तोंडून बातम्या ऐकत महाराष्ट्राची एक पिढी मोठी झाली. ही मंडळी एकेक करून पडद्यावरून गेली आणि तरीही दूरदर्शनच्या मराठी बातम्या चालूच राहिल्या. पुढे खासगी वाहिन्या आल्या. २२ जून २००७ रोजी सुरू झालेली स्टार माझा १ जून २०१२ रोजी एबीपी माझा झाली. आयबीएन लोकमतची न्यूज१८ लोकमत झाली. नावे पुसली गेली, रंग बदलले, प्रेक्षक मात्र टिकला. मग माणसांच्या जाण्यायेण्याचा एवढा बाऊ कशाला, असा प्रश्न विचारला जातो.

पण याच उदाहरणात उत्तर आहे. स्टार माझाचे नाव एका रात्रीत बदलले तेव्हा प्रेक्षक का टिकला? राजीव खांडेकर संपादक म्हणून तिथेच होते, ओळखीचे निवेदक आणि वार्ताहरही तेच होते. बदलला होता तो लोगो. म्हणजे लोगो गेला तरी प्रेक्षक माणसांपाशी थांबला. वाहिनी राहते आणि माणसे जातात, हे सिद्ध करण्यासाठी जे उदाहरण दिले जाते तेच बरोबर उलटे सांगते.

आता गोंदियाकडे वळू. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आठ तालुक्यांचा आहे. २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३ लाख २२ हजारांच्या वर. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी अशा भाषा एकाच आठवडी बाजारात कानावर पडतात. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि मुंबईहून निघालेली विदर्भ एक्स्प्रेस इथे येऊन थांबतात. राज्याचा लोहमार्ग जणू इथे संपतो. मुंबईतल्या वृत्तकक्षाला हा जिल्हा दिसतो तो तिथल्या एका प्रतिनिधीच्या डोळ्यांनी. त्याने पाठवलेले व्हिज्युअल, त्याने घेतलेला बाइट, त्याने फोनवर दिलेली चार वाक्ये, याखेरीज डेस्कपुढे गोंदियाची कुठलीही खिडकी नसते.

त्या माणसाची किंमत अगदी साध्या गोष्टीत कळते. या जिल्ह्यात गोरेगाव नावाचा तालुका आहे. मुंबईतल्या कुणाच्याही कानावर गोरेगाव पडले की आधी पश्चिम रेल्वेचे स्थानक आठवते. अर्जुनी नावाचे तालुके तर दोन आहेत: अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी. नुसते ‘अर्जुनी’ म्हणून बातमी गेली, तर कोणत्या तालुक्यातल्या घरांनी धास्ती घ्यायची हे कुणालाच कळत नाही. महामार्ग, जंगल, धरण, पोलीस ठाणे, सगळे वेगळे. पूर आला, वाघ गावात शिरला, बस उलटली, अशा वेळी ही चूक नातेवाइकांना चुकीच्या दवाखान्याकडे धावायला लावू शकते. डेस्कवरच्या मुलाने कितीही मन लावून काम केले तरी हा फरक त्याला फोनवरचा माणूसच सांगणार. तो माणूस बदलला आणि नव्याला जिल्हा पाठ नसला, तर चूक थेट पडद्यावर जाते.

२९ नोव्हेंबर २०२४चा दिवस आठवावा. गोंदिया-कोहमारा रस्त्यावर एसटीची शिवशाही बस उलटली आणि अकरा प्रवासी मृत्युमुखी पडले. राज्यात तेव्हा विधानसभेचे निकाल लागून आठवडाही झाला नव्हता आणि मुख्यमंत्री कोण होणार याच्या चर्चेने सगळे पडदे व्यापले होते. तरीही अपघाताची बातमी सगळीकडे लागली, लागायलाच हवी होती. पण अपघाताची बातमी त्या दिवसापुरती कुणालाही देता येते. मोबाइलवरचे चित्रण असले की पुरते. खरे काम पुढे असते. रस्त्याच्या त्या वळणाबद्दल आधी तक्रारी होत्या का, जखमींना जाहीर झालेली मदत पोहोचली का, गाडीच्या तपासणीच्या अहवालात काय निघाले, हे सहा महिन्यांनी विचारायला तोच माणूस लागतो. ज्याने त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून नावे लिहून घेतली, त्याच्याच वहीत पुढच्या प्रश्नांची यादी असते. तो मधल्या काळात बदलला, तर नव्याकडे वहीही नसते आणि प्रश्नही नसतात. पाठपुरावा हा वाहिनीचा गुण आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात तो एका माणसाच्या स्मरणाचा गुण असतो.

धानाच्या खरेदीचेही तसेच. गोंदिया हा धानाचा जिल्हा. केंद्राने हमीभाव जाहीर केला, २०२५-२६ साठी साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये, की ती बातमी दिल्लीतून मिळते. राज्याने हेक्टरी बोनस जाहीर केला की ती मुंबईतून मिळते. दोन्ही बातम्या कुणीही निवेदक वाचू शकतो. पण मार्केटिंग फेडरेशनचे किंवा आदिवासी विकास महामंडळाचे खरेदी केंद्र देवरीत खरोखर सुरू झाले का, बारदाना आला का, ऑनलाइन नोंदणीत सातबारा अडकला म्हणून किती शेतकऱ्यांनी धान व्यापाऱ्याला पडत्या भावाने घातले, हे विचारायला केंद्रावर जावे लागते. पोत्यांच्या थप्पीशी उभे राहून, शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलावे लागते. पोवारीत बोलणाऱ्या म्हाताऱ्याने कॅमेऱ्यासमोर मोकळे व्हावे यासाठी विचारणारा ओळखीचा असावा लागतो. ही ओळख बदलीच्या आदेशाबरोबर पुढच्याच्या नावावर होत नाही.

सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. अनेक राज्यांतून लोक येतात. ज्याला त्या श्रद्धेची ओळख नाही त्याच्या कॅमेऱ्याला तिथे गर्दी, ढोल आणि रंगीत कपडे दिसतात. ज्याला ओळख आहे त्याला एका समाजाचे धर्मस्थान दिसते, आणि लोक तिथे एकत्र येऊन हक्कांविषयी काय बोलतात तेही ऐकू येते. नवेगाव-नागझिऱ्याचे वाघ, महाराष्ट्रात गोंदिया-भंडाऱ्याच्या तळ्यांवर टिकून राहिलेले सारस आणि त्यांची घरटी शेतात राखणारे शेतकरी, या सगळ्या विषयांना वर्षानुवर्षे एकाच माणसाने जवळून पाहण्याची गरज असते. दरवर्षी नवा माणूस आला, तर दरवर्षी तीच बातमी पहिल्यापासून सुरू होते.

इथे मूळ चूक स्पष्ट व्हायला हवी. पडद्यावरच्या माणसांचे बदल म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मुंबईतले निवेदक येतात. कोण कुठल्या वाहिनीत गेला, कुणाला कुठली वेळ मिळाली, यावर दिवसभर चर्चा होते. पण जिल्ह्यात वाहिनीचा चेहरा म्हणजे हातात बूम, म्हणजे वाहिनीचा लोगो लावलेला माइक, घेतलेला स्ट्रिंगर. लोक त्याला वाहिनीच्याच नावाने हाक मारतात. आणि बहुतेक ठिकाणी तो वाहिनीचा नोकरच नसतो. त्याला लागलेल्या बातमीमागे पैसे मिळतात, किंवा थोडेसे ठरावीक मानधन. बातमी पाठवली आणि लागली नाही, तर पेट्रोलही त्याच्या खिशातून. एका प्रतिनिधीच्या पिशवीत दोन-तीन वाहिन्यांचे बूम असणे जिल्ह्याच्या ठिकाणी नवलाचे नाही, कारण एका बूमवर घर चालत नाही. काही ठिकाणी त्याच्याकडून जाहिरातीही मागितल्या जातात. ज्यांच्यावर बातमी करायची त्यांच्याकडेच जाहिरातीसाठी जायचे, अशा कोंडीत त्याला ढकलले जाते.

हा माणूस बदलला जातो तेव्हा काय होते? काहीच होत नाही, आणि अन्याय नेमका तिथेच आहे. बूम परत मागवला जातो, तो दुसऱ्याला दिला जातो. निरोप नाही, कारण नाही, प्रेक्षकांना सूचना नाही. मुंबईतल्या निवेदकाचा शेवटचा कार्यक्रम निदान लोक पाहतात. जिल्ह्यातल्या माणसाचा शेवटचा बाइट कोणता होता, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते.

आणि जोखमीची वेळ आली की हाच माणूस पुढे असतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात वांद्रे स्थानकाबाहेर परप्रांतीय मजुरांची गर्दी जमली. त्याआधी रेल्वेच्या एका पत्रव्यवहाराच्या आधारे गाड्या सुटण्याविषयी बातमी देणारे एबीपी माझाचे राहुल कुलकर्णी यांना पोलिसांनी उस्मानाबादेतून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून, अटक केली. दुसऱ्या दिवशी त्यांना जामीन मिळाला. वाहिनीचे मुख्यालय मुंबईत, गर्दी मुंबईत, आणि पोलीस पोहोचले ते जिल्ह्यातल्या वार्ताहराच्या दारी. पोलिसांच्या लेखी तो बदलता येणारा पुर्जा नव्हता. त्या बातमीचा धनी होता. वाहिन्यांनीही त्याला तितक्याच गांभीर्याने घ्यायला काय हरकत आहे?

गोंदियाला लागून असलेल्या छत्तीसगडमधली घटना याहून भीषण आहे. बिजापूरचे मुकेश चंद्राकर हे मुक्त पत्रकार होते. ते एनडीटीव्हीसाठी काम करत आणि ‘बस्तर जंक्शन’ नावाचे यूट्यूब चॅनेल चालवत. बस्तरमधल्या एका रस्त्याच्या कामातला कथित भ्रष्टाचार बातमीतून पुढे आल्यानंतर, १ जानेवारी २०२५ पासून ते बेपत्ता झाले. ३ जानेवारीला त्यांचा मृतदेह एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत सापडला. माणूस महत्त्वाचा नसतो असे मानणाऱ्यांनी या घटनेकडे एकदा नीट पाहावे. ज्यांना ती बातमी नको होती त्यांनी वाहिनीच्या मुख्यालयाकडे बोट दाखवले नाही. बातमी आणणाऱ्या माणसाला संपवले.

दुसरा दावा असा की संपादकीय धोरण संस्थेचे असते, व्यक्ती फक्त ते राबवते, त्यामुळे व्यक्ती बदलल्याने धोरण बदलत नाही. मग मालकी बदलली की सर्वप्रथम माणसेच का बदलतात? रिलायन्सने २०१४ मध्ये नेटवर्क१८चा ताबा घेतला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये राजदीप सरदेसाई सीएनएन-आयबीएनमधून आणि निखिल वागळे आयबीएन लोकमतमधून बाहेर पडले. अदानी समूहाने ऑगस्ट २०२२ मध्ये एनडीटीव्हीत हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले आणि ३० नोव्हेंबरला रवीश कुमार यांचा राजीनामा आला. पुढच्या काही महिन्यांत आणखी ओळखीचे चेहरे गेले. दोन्ही वेळी लोगो तेच राहिले. माणूस बिनमहत्त्वाचा असता, तर मालकी बदलताच एवढी माणसे जुन्या लोगोखाली का थांबली नाहीत?

हा प्रश्न गोंदियाला परका नाही. जिल्ह्यातल्या तिरोडा येथे अदानी पॉवरचा ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. ६६० मेगावॉटचे पाच संच. जिल्ह्यातला हा सर्वांत मोठा उद्योग. १ मे २०२४ रोजी, म्हणजे गोंदिया जिल्हा पंचवीस वर्षांचा झाला त्याच दिवशी, एनडीटीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाली, आणि तिचा मालकही तोच समूह आहे. यावरून कुणावर आरोप करण्याचे कारण नाही. एखादी बातमी दडपली गेली असे इथे म्हटलेलेही नाही. म्हणणे एवढेच आहे की राख, पाणी आणि स्थानिकांच्या नोकऱ्या या विषयांवर तिरोड्यात प्रश्न विचारणारा माणूस कोण आहे, त्याची नोकरी किती पक्की आहे आणि त्याला उद्या काढले तर कुणाला कळेल का, हे जिल्ह्याच्या दृष्टीने फार मोलाचे प्रश्न आहेत. रोजगाराची शाश्वती नसलेला माणूस सर्वांत मोठ्या उद्योगाला, सर्वांत मोठ्या नेत्याला किंवा सर्वांत मोठ्या जाहिरातदाराला प्रश्न विचारताना दहा वेळा विचार करणारच. याला भित्रेपणा म्हणता येणार नाही; त्याला घर चालवायचे आहे.

तिसरा दावा आकड्यांचा आहे. प्रेक्षकांना फरक पडत असता तर टीआरपी हलला असता, असे म्हटले जाते. हा आकडा येतो कुठून? देशात सुमारे २३ कोटी घरांत टीव्ही आहे आणि प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेची मोजणी यंत्रे सुमारे ५८ हजार. गोंदियातल्या एखाद्या टोलीवर बातमी चुकली म्हणून किती घरांनी वाहिनी बदलली, हे या जाळ्यात पकडले जाण्याची शक्यता किती? शिवाय टीआरपीच्या गैरव्यवहाराच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत वृत्तवाहिन्यांचे आकडे प्रसिद्धच होत नव्हते. जे माप सतरा महिने बंद होते आणि जे जिल्ह्याला मोजतच नाही, त्याच्या भरवशावर जिल्ह्याला फरक पडत नाही असा निकाल देता येत नाही.

जिथे लोकांना बदल आधी कळला तिथे त्यांनी काय केले, ते पाहावे. जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरचा प्रादेशिक वृत्तविभाग छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा निर्णय झाला. पुण्याच्या बातम्या पुण्यातून जाणार नाहीत हे कळताच श्रोते, पत्रकार आणि लोकप्रतिनिधी एकत्र उभे राहिले आणि केंद्र सरकारला निर्णय थांबवावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलन मीडिया या कंपनीने आपल्या स्थानिक केंद्रांवरचे हवामान-निवेदक कमी करून अटलांटातून हवामानवृत्त देण्याचे ठरवले. आपल्या गावचे वादळ सांगणारा ओळखीचा माणूस जातो हे कळल्यावर प्रेक्षकांनी एवढा विरोध केला की कंपनीला माघार घ्यावी लागली. दोन्ही ठिकाणी लोकांना फरक पडत होता. फक्त त्यांना आधी कळले होते. गोंदियाला कधीच कळत नाही, म्हणून गोंदिया कधीच विरोध करत नाही.

चौथा दावा तंत्रज्ञानाचा, आणि तो सध्या सर्वांत जोरात आहे. आता निवेदकच कशाला हवा? मार्च २०२३ मध्ये आज तकने ‘सना’ नावाची यंत्रनिवेदिका आणली, जुलैमध्ये ओडिशाच्या ओटीव्हीने ‘लिसा’ आणली, आणि २६ मे २०२४ रोजी डीडी किसानवर ‘कृष’ आणि ‘भूमी’ आले, अनेक भाषांत बोलू शकणारे. यंत्र मजकूर वाचू शकते, न थकता वाचू शकते, हे मान्य. पण त्याच्यापुढे ठेवायचा मजकूर गोंदियाहून येणार कसा? सडक अर्जुनीच्या रस्त्यावर कृष उभा राहत नाही. देवरीच्या खरेदी केंद्रावर बारदाना संपल्याचे भूमीला कुणी सांगत नाही. स्टुडिओतला खर्च यंत्राने वाचवायचा असेल, तर वाचलेले पैसे जिल्ह्यातल्या माणसाच्या पगारात गेले पाहिजेत. तसे होणार नसेल, तर यंत्र आणण्याचा अर्थ एवढाच की बातमी आणणाऱ्यालाही वगळायची तयारी सुरू आहे.

यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅपमुळे जिल्ह्याला स्वतःचे माध्यम मिळाले, असेही सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. गोंदियासारख्या जिल्ह्यांत मोबाइलवर बातम्या देणारे अनेक तरुण आहेत आणि त्यांतले काही फार मनापासून काम करतात. पण तिथे डेस्क नाही, वकील नाही, चूक पकडणारा दुसरा डोळा नाही. धमकी आली तर पाठीशी उभी राहणारी संस्था नाही. चंद्राकरांचे चॅनेल होते, प्रेक्षक होते. पाठीशी हवी ती संस्था नव्हती.

मोबाइलच्या आधी जिल्ह्याकडे केबल होती. नव्वदीच्या दशकात महाराष्ट्रातल्या अनेक गावांत केबलवाले संध्याकाळी स्थानिक बातम्यांचे बुलेटिन दाखवू लागले. नागपुरात यूसीएनसारख्या जाळ्यांनी त्याला वाहिनीचे रूप दिले. बातम्या वाचणारी मुलगी गावातलीच असे आणि बाजारात लोक तिला थांबवून चुका सांगत. मग केबलचे डिजिटलीकरण आले. चार टप्प्यांत २०१२ ते २०१७ या काळात ते देशभर झाले. छोट्या केबलचालकाचे स्वतःचे केंद्र गेले, तो मोठ्या कंपनीचा जोडणीवाला झाला. चित्र स्वच्छ झाले, पण अनेक गावांतले ते बुलेटिन बंद पडले. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने केबलवरच्या स्थानिक वाहिन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक वाहिनीमागे एक हजार रुपये नोंदणी शुल्क, एकूण क्षमतेच्या पाच टक्क्यांची मर्यादा, आणि बातम्या द्यायच्या तर कंपनी म्हणून नोंदणी सक्तीची. शुल्क नाममात्र आहे. पण कंपनीचा कारभार, लेखापरीक्षण आणि कागदपत्रे चार जणांच्या गावकेबलला पेलणारी नाहीत. जबाबदारी निश्चित व्हावी हा हेतू रास्त आहे. परिणाम मात्र असा झाला की गावाला जाब देणारा निवेदक गेला, आणि जाब न देणारा अनोळखी आवाज उरला.

आता एक खरा आक्षेप, ज्याला उत्तर द्यायलाच हवे. एकच माणूस वीस वर्षे जिल्ह्यात राहिला की तो पालकमंत्र्यांचा, पोलीस अधीक्षकांचा, गिरणीमालकांचा आपला होतो. त्याची बातमी मऊ पडते. बदल हवाच. आणि नुसता ओळखीचा चेहरा पुरेसा नसतो, याचा पुरावाही आहे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत सिंक्लेअर कंपनीने आपल्या अनेक स्थानिक केंद्रांवरच्या निवेदकांना एकच मजकूर वाचायला लावला. चेहरे गावोगावचे, शब्द मात्र मुख्यालयाचे. ती वाक्ये एकत्र जोडलेली चित्रफीत देशभर फिरली तेव्हा लोक हादरले. म्हणजे गावचा चेहरा ठेवूनही गावाची बातमी मारता येते.

पण हा आक्षेप बदलाच्या बाजूने असला, तरी बेपर्वाईच्या बाजूने नाही. बदल करा, पण सांगून करा. गोंदियाचा प्रतिनिधी आजपासून हा, आधीचा अमुक कारणाने गेला, हे वाहिनीने दहा सेकंदांत पडद्यावर सांगावे. जुन्याने नव्याला आपल्या अर्धवट राहिलेल्या बातम्या लेखी सोपवाव्यात. सुपरफास्ट बुलेटिनात गोंदियाची ओळ धावते तेव्हा ती कुणी दिली, त्याचे नाव सोबत यावे. माणूस सत्तेच्या जवळ जाऊ नये यासाठी त्याला अस्थिर ठेवणे हा उपाय नव्हे. अस्थिर माणूसच सर्वांत आधी आधार शोधतो. पगार पक्का असलेला, नेमणूक लेखी असलेला माणूसच पालकमंत्र्यांपुढे बूम धरून दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारू शकतो.

आणि कायद्यानेही आता यासाठी जागा केली आहे. १९५५चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांपुरता होता. टीव्हीचे पत्रकार त्याच्या बाहेर होते. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल माध्यमेही आली आहेत, आणि पूर्णवेळच नव्हे तर अर्धवेळ, एकाहून अधिक संस्थांसाठी काम करणाराही त्यात बसतो. याच संहितेने प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. प्रतिनिधी हा नोकर नसून बाहेरचा पुरवठादार आहे, अशी पळवाट काढणे वाहिन्यांना जमेलही. पण जे आपल्या लोगोचा बूम हातात देतात, त्यांना तो माणूस आपला नाही असे म्हणण्याचा नैतिक अधिकार नाही.

मराठी वृत्तवाहिन्यांनी गोंदियापासून सुरुवात करावी. जिल्ह्यातल्या आपल्या प्रतिनिधीला नेमणूकपत्र द्यावे, दरमहा वेतन द्यावे, त्याचे नाव पडद्यावर लावावे, आणि त्याला बदलायचे झाल्यास जिल्ह्याला कारण सांगावे. जिल्ह्यातल्या प्रेक्षकांनी, ग्रामपंचायतींनी, शेतकरी संघटनांनी आणि पत्रकार संघांनी हे मागून घ्यावे. पुढच्या वेळी ओळखीच्या बूममागे अनोळखी माणूस दिसला, तर त्याला बाइट देण्याआधी विचारावे: आधीचे कुठे गेले, आणि का?